पावसाळाभर उभी राहिलेली पिकअप : काय करावे, काय टाळावे

आंब्याचा हंगाम मेअखेर संपतो. शेवटच्या पेट्या वाशीला पोचल्या की कोकणातल्या कित्येक पिकअप मांगराच्या कडेला, झापाखाली किंवा नुसत्याच ताडपत्रीखाली उभ्या राहतात. मालकाला त्यांची आठवण येते ती थेट गणपतीच्या बाजाराला. मग चावी फिरते आणि गाडी ढिम्म. पुढच्या अर्ध्या तासात जे घडतं, ते महाग पडतं. सेल्फ मारमारून बॅटरी संपवायची, शेजारच्या चौघांना बोलावून धक्का मारायचा, कुणीतरी एअर फिल्टरमध्ये पेट्रोल शिंपडायचं. तीन महिने उभं राहून गाडीचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं या अर्ध्या तासात होतं.

इथे डोळ्यांपुढे आहे ती डिझेलवर चालणारी, 12 व्होल्टची छोटी मालवाहू गाडी. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त अशा गाड्यांना यातलं बहुतेक सारं लागू पडतं.

चावी लावण्याआधी

करा : आधी बॉनेट उघडा. हातात टॉर्च आणि काठी घ्या. पावसात उंदरांना कोरडी, बंदिस्त जागा हवी असते आणि इंजिनची खोली त्यांना फार आवडते. उंदरांच्या मागावर साप येतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. काठीने चारी बाजूंनी आवाज करा, थोडं थांबा, मगच हात घाला. साप दिसलाच तर सर्पमित्राला फोन करा. गाडी एक दिवस उशिरा सुरू झाली तरी चालेल.

करा : एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा. काजूची टरफलं, सुंभाचे तुकडे, सीटचा कापूस असं बरंच काही निघतं. घरटं साफ करताना हातमोजे घाला, तोंडावर रुमाल बांधा आणि नंतर हात साबणाने धुवा. लेप्टोची धास्ती आपल्याकडे नवी नाही आणि हा आजार उंदराच्या मुतातून पसरतो.

करा : वायरिंगवरून नजर फिरवा. कुरतडलेली वायर लगेच ओळखता येते, आतली तांब्याची तार चकाकत असते. डिझेलचे रबरी पाइपही पाहा, उंदीर तेही सोडत नाहीत.

टाळा : कुरतडलेल्या वायरी नुसत्या पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून चावी मारू नका. सेन्सरची वायर चुकून दुसरीला लागली तर ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या संगणकावर, बेतू शकतं. हे काम वायरमनचं.

टाळा : गाडी पुरात बुडाली असेल, निदान पाणी इंजिनपर्यंत पोचलं असेल, तर चावीला हात लावू नका. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमध्ये अशा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असलं की सेल्फ फिरताक्षणी पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, ऑइलची डिपस्टिक काढून पाहा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर गाडी टो करूनच गॅरेजला न्या. हा लेख तिच्या कामाचा नाही.

कान द्या

चावी एकदा फिरवा, पण आत बसलेल्याने फक्त चावीच फिरवावी. बाहेर उभ्या असलेल्याने ऐकावं. गाडी न्यूट्रलला हवी आणि क्लच पूर्ण दाबलेला हवा, कारण काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही.

डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, तर बॅटरी पार उतरली आहे, टर्मिनल सुटलं आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. दिवे लागले पण चावी फिरवताच मंद झाले आणि सोलेनॉइडमधून टकटकटक असा झपाट्याने आवाज आला, तर बॅटरीत जीव कमी आहे. दिवे ठीक आहेत आणि एकच 'खट्' ऐकू येतो, तर संशय टर्मिनल, अर्थिंग आणि सेल्फ या तिघांवर, याच क्रमाने. सेल्फ घुर्र... घुर्र... असा रेंगाळत फिरला, तर पुन्हा बॅटरी किंवा तिची जोडणी. आणि सेल्फ दणकून फिरतो आहे, तरी इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा नाद सोडा आणि डिझेलकडे वळा.

एवढं ऐकलंत की निम्मं निदान झालं. गॅरेजवाल्याला फोन करून नुसतं 'गाडी चालू होत नाही' म्हणण्यापेक्षा 'एकच खट् होतोय, दिवे ठीक आहेत' म्हणा. तो येताना योग्य सामान घेऊन येईल.

टाळा : एका दमात दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका. मध्ये निदान अर्धा मिनिट, जमल्यास एक मिनिट थांबा. सेल्फची मोटर शेकडो अँपिअर ओढते, ती थोडाच वेळ चालण्यासाठी बनवलेली असते. तीन-चार वेळांत इंजिन पकडत नसेल, तर पाचव्यांदाही पकडणार नाही. कारण शोधा.

करा : इमोबिलायझरचा दिवा पाहा. चावी 'ऑन' केल्यावरही तो लुकलुकत राहिला, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून पाहा. हे राहून जातं, आणि सगळी दुपार डिझेल पंपाला शिव्या देण्यात जाते.

बॅटरी आणि तिचे सोबती

उभी गाडीही वीज खाते. घड्याळ, म्युझिक सिस्टिम, ईसीएम, इमोबिलायझर यांना मिळून थोडा करंट लागतोच. तो 50 मिलिअँपिअर धरला तर दिवसाला 1.2 अँपिअर-अवर, म्हणजे महिन्याला 36. पिकअपची बॅटरी साधारण 60 ते 80 अँपिअर-अवरची असते. दोन महिन्यांत ती रिकामी व्हावी यात नवल काहीच नाही. वरून जीपीएस ट्रॅकर बसवलेला असेल तर आणखी लवकर. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचा थर कडक होत जातो, आणि मग ती चार्ज होते पण टिकत नाही.

करा : पहिला संशय टर्मिनलवर घ्या. पांढरी-हिरवट बुरशी वरून दिसली तर सोपंच आहे. पण वरून स्वच्छ दिसणारं टर्मिनलही फसवतं. 10 नंबरच्या पान्याने, बसत नसेल तर बसेल त्या मोठ्या पान्याने, निगेटिव्हचा नट सैल करा, क्लॅम्प वर उचला आणि आतली कडा पाहा. तिथे करड्या रंगाचा, बोटाला खरखरीत लागणारा पातळ थर असतो. एवढासा थर दिवे लागण्याइतका करंट जाऊ देतो, पण सेल्फला लागणारा अडवतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येईल, येऊ द्या. त्या वेळी बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत जाता कामा नये. मग स्वच्छ पाण्याने पुसा, वाळवा, पॉलिश पेपरने शिसं चकचकीत करा, क्लॅम्प घट्ट बसवा आणि शेवटी वरून व्हॅसलिन लावा.

करा : सोडवताना आधी निगेटिव्ह, बसवताना शेवटी निगेटिव्ह. हा क्रम उलटा झाला आणि पान्याचं टोक बॉडीला टेकलं, तर ठिणगी अशी उडते की पाना तिथेच चिकटावा.

करा : मल्टीमीटर घ्या. साधा चालतो. गाडी काही तास शांत उभी असताना 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी, 12 च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावायची. सेल्फ फिरत असताना आकडा 9.6 च्या खाली कोसळला, तर बॅटरी थकली आहे.

करा : अर्थिंग विसरू नका. इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी जाड पट्टी खाली चिखलापाण्यात असते, आणि खाऱ्या हवेत ती आतून कुजते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर करंट वाटेतच अडतो आहे. बोल्ट काढून जागा घासा, पट्टी तुटत आली असेल तर बदला. ही पट्टी अगदी स्वस्तात मिळते. तिच्यापायी नवी बॅटरी घेतलेले आणि तरी गाडी न सुरू झालेले मालक कुठल्याही बॅटरीवाल्याला विचारा, तो सांगेल.

करा : चार्जिंग सावकाश. 70 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 7 अँपिअरच्या आसपास, रात्रभर. जागा हवेशीर हवी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको.

टाळा : पाण्याच्या बॅटरीत विहिरीचं किंवा नळाचं पाणी घालू नका, आणि 'ताकद येईल' म्हणून ॲसिडही घालू नका. पाणी उडून जातं, ॲसिड आतच राहतं. म्हणून घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही प्लेटा बुडतील आणि खुणेपर्यंत येईल एवढंच.

टाळा : मेंटेनन्स-फ्री बॅटरीच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका. तो सहापैकी एकाच सेलची खबर देतो.

जम्पर लावताना

आधी एक ताकीद. एसटी, टिपर, मोठा ट्रक हे 24 व्होल्टवर चालतात. त्यांच्यावरून पिकअपला जम्पर लावू नका. 'ट्रकच्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेऊ, ती 12 ची' असं सुचवणारा हुशार माणूस प्रत्येक नाक्यावर असतो. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. चुकून वरच्या बॅटरीला हात घातला आणि दोन गाड्यांचा धातू कुठे एकमेकांना टेकला, तर थेट शॉर्ट. दुसरी पिकअप, जीप, कार, कुठलीही 12 व्होल्टची गाडी शोधा. ट्रॅक्टर बहुतेक 12 चाच असतो, तरी बॅटरी मोजून खात्री करा.

करा : क्रम पाळा. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, ती हायड्रोजनजवळ पडायला नको. चालू गाडी पाच-दहा मिनिटं चालू राहू द्या, मग सेल्फ मारा. वायरी काढताना याच्या बरोबर उलटा क्रम.

टाळा : बाजारातल्या बारीक वायरींचा जम्पर. आवरण जाड असतं, आत तांबं नावालाच. वायर गरम होते, सेल्फ फिरत नाही.

टाळा : दोन गाड्या एकमेकींना टेकवून उभ्या करू नका.

टाळा : इंजिन सुरू झाल्यावर 'अल्टरनेटर चालतोय का बघू' म्हणून टर्मिनल उपसू नका. जुन्या गाड्यांत हा प्रयोग खपून जायचा. बॅटरी बाजूला झाली की व्होल्टेज उसळतं, आणि ईसीएम असलेल्या गाडीत तो प्रयोग बॅटरीच्या कित्येक पट महाग पडतो. अल्टरनेटर तपासायचा तर मीटरने. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 च्या दरम्यान काटा हवा.

धक्का मारावा का?

आपल्याकडे धक्का मारणं हा जवळजवळ सार्वजनिक कार्यक्रम आहे. गाडी थांबली की माणसं न बोलावता येतात. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्यांत त्याला अर्थ होता. कॉमन रेलच्या गाड्यांत नोझल उघडायचं की नाही हे ईसीएम ठरवतो, आणि त्याला जागं राहायला व्होल्टेज लागतं. बॅटरी पार मेली असेल तर गाडी घाटाच्या तळापर्यंत ढकलली तरी चालू होणार नाही.

टाळा : 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीला धक्का. न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या महागड्या यंत्रणेत जाऊन बसण्याचा धोका असतो. मॅन्युअलमध्ये काय लिहिलं आहे ते आधी वाचा.

टाळा : उतारावरून सोडून गाडी सुरू करणं. इंजिन बंद असताना ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड. लाल मातीच्या ओल्या उतारावर, समोर गडगा असताना, हे करून पाहण्यासारखं नाही.

करा : जुनी गाडी आहे, सपाट रस्ता आहे, बॅटरी थोडी तरी जिवंत आहे आणि दुसरा इलाजच नाही, तर सेकंड गिअरमध्ये, चावी ऑन करून. मागे लहान मुलं नकोत.

सेल्फ फिरतो, गाडी घेत नाही : आता डिझेल

करा : टाकीत डिझेल आहे का, हे आधी. काटा पाव दाखवतो आणि गाडी चढावर तोंड करून उभी आहे, तर डिझेल एका कोपऱ्यात सरकतं आणि पाइपच्या तोंडी हवा येते. पाच-दहा लिटर घाला आणि पुन्हा बघा.

करा : फिल्टरमधलं पाणी काढा. अर्धवट भरलेल्या टाकीत वरच्या हवेतला ओलावा रात्री पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंबाथेंबाने जमतो आणि खाली उतरतो. कोकणच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. डिझेल फिल्टरच्या बुडाशी एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली पारदर्शक प्लास्टिकची बाटली धरा, स्क्रू हलकेच सैल करा आणि पेलाभर येऊ द्या. बाटली बॉनेटच्या कडेवर दोन मिनिटं तशीच ठेवा. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं पडतं, वर पिवळसर डिझेल, मध्ये स्वच्छ रेघ. बाटली कलती केली की रेघही कलते. तळाशी काहीच नसेल, तर पाण्याचा संशय बाजूला ठेवा. असेल, तर नुसतं डिझेल येईपर्यंत काढत राहा.

रेघेपाशी काळपट, बुळबुळीत जाळं तरंगताना दिसलं, तर ते जंतूंचं काम. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे ते वाढतात. अशा वेळी फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. नाहीतर नवा फिल्टर आठवड्यात चोंदेल आणि दोष फिल्टरच्या कंपनीला जाईल.

करा : एअर काढा. उभ्या गाडीत पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीत परततं आणि त्याच्या जागी हवा शिरते. फिल्टरवर किंवा पाइपात हाताने दाबायचा पंप असतो. तो कडक लागेपर्यंत दाबा, मग सेल्फ मारा. गाडी सुरू झाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा एअर धरली, तर टाकी ते पंप या वाटेवर कुठेतरी पाइप फाटला आहे किंवा वायसर गेला आहे. ही ओढून घेणारी बाजू आहे, त्यामुळे तिथे डिझेल बाहेर ठिबकेलच असं नाही. ओला डाग नाही म्हणून गळती नाही, असं समजू नका.

टाळा : कॉमन रेल गाडीत नोझलचे पाइप सैल करून एअर काढू नका. जुने मिस्त्री सवयीने तिकडेच पाना घालतात. त्या पाइपात हजार बारच्याही वर दाब असू शकतो. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण त्यापायी बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. चुकून असं झालंच, तर दुखो न दुखो, तडक मोठ्या रुग्णालयात.

टाळा : एअर फिल्टरमध्ये पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं. डिझेल इंजिन दाबाच्या उष्णतेवर चालतं, त्यात भलत्या वेळी भडका उडाला की पिस्टन आणि रिंगा मार खातात. हिटर प्लग तापलेले असतील तर भडका वाटेतच, मारणाऱ्याच्या तोंडावर. तसंही आपल्याकडे सप्टेंबरात हवा पंचवीस अंशांच्या आसपास असते. थंडीपायी इंजिन पकडत नाही, ही तक्रार इथे फारशी खरी नाही.

टाळा : रॉकेल घालून 'नोझल साफ' करणं. कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

सुरू झाली, आता

करा : ऑइलचा दिवा पाहा. काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद.

टाळा : आनंदाने ॲक्सिलरेटर दाबणं. ऑइल खाली उतरून बसलेलं असतं, ते टर्बोपर्यंत पोचायला वेळ द्या.

करा : हँडब्रेक सोडूनही गाडी हलत नसेल, तर मागच्या ड्रमला शू चिकटले आहेत. हलकेच पुढे-मागे करा. नाही सुटले, तर चाक काढून ड्रमवर बाहेरून लाकडी हातोड्याने ठोका. गिअरच पडत नसेल, तर क्लच प्लेट गंजून चिकटली असणार, तिथे जबरदस्ती न करता मिस्त्रीला बोलवा. गाडी हलली की चार फूट जाऊन ब्रेक तपासा, मगच रस्ता.

करा : टायरची हवा, विमा, पीयूसी, फिटनेस. गणपतीत नाक्यावर पोलीस असतातच.

टाळा : सुरू करून अंगणात दहा मिनिटं ठेवली आणि बंद केली, असं करू नका. सेल्फने खाल्लेलं तेवढ्यात भरून येत नाही. बॅटरी पार उतरली होती, तर तासभर रस्त्यावर चालवा, किंवा चार्जरच लावा.

पुढच्या जूनमध्ये

टाकी गळ्यापर्यंत भरा, ओलाव्याला जागाच नको. निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा. हँडब्रेक न ओढता गाडी सपाटीवर, फर्स्ट गिअरमध्ये, चारही चाकांना चिऱ्याचे तुकडे लावून उभी करा. हौद्यातला पेंढा आणि आंब्याच्या पेट्यांचं गवत आधी काढून टाका, उंदीर तिथूनच सुरुवात करतात. ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळू नका, खालून वारा खेळू दे. दर पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून बघायचं काम घरातल्या कुणाकडे तरी नावानिशी सोपवा. आणि ज्याच्याकडे सोपवाल, त्याला काठी कुठे ठेवली आहे तेही सांगा.